आबांनी धरलेला हात

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती, कारण हळू बोलून कुणाला काही कळायचं नाही. इचलकरंजीत आमची एक खोली यंत्रमागाच्या शेडला चिकटून होती. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे रात्रंदिवस माग चालायचे. फळीवरची भांडी कायम थरथरत असायची. पाण्याच्या तांब्यात हात न लावता लाटा उठायच्या. आबा त्याच शेडमध्ये मागावर होते. आई दारात बसून चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसते ती सुताची नळी. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने सूत धरायचं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तिच्या उजव्या हाताचं मनगट डाव्यापेक्षा जाड होतं.

आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो. मला अक्षरं नंतर आली, ओठ आधी आले. शाळेत बाई म्हणायच्या, "अगं, ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे?" मला वाटायचं मी साधंच बोलतेय.

पण आवाजाची भीती आम्हाला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती आवाज थांबला की. मंदी आली की मालक माग बंद करायचा. भांडी थरथरायची थांबायची, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. आवाज बंद म्हणजे चूल बंद. एका वर्षी दिवाळीच्या आधी माग थांबले ते संक्रांत झाली तरी सुरू झाले नाहीत. आबा वीटभट्टीवर जायचे, आई लोकांच्या शेतात भांगलायला, तण काढायला. रात्री भाकरी आणि चटणी, कधी भाकरी आणि पाणी. त्या शांततेत आईचा खरा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. बारीक होता. इतका बारीक, की ती दुसरीच कुणी बाई वाटली. अजूनही भरलेली खोली एकदम गप्प झाली, की माझ्या पोटात गाठ येते.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंजिनिअर झालेली तर गल्लीतली पहिली. हे मी मिरवून सांगते, मला त्यात काही लाज नाही. पदवीदानाला आबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. भाषणं चालू असताना मान डोलवत होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या की वाजवत होते. घरी येताना मी विचारलं, "पाहुणे काय म्हणाले, आवडलं का?" आबा म्हणाले, "लई झ्याक बोलला." कोण बोलला, काय बोलला, ते मी खोदून विचारलं तर सांगता येईना; त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मागांनी त्यांचे कान नेलेत. आणि हेही लक्षात आलं, की ते कुणाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय.

पुढे मी नोकरीला आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला आले. हृदयाच्या नसांत घालतात त्या बारीक नळ्या आमच्या कारखान्यात बनतात, मी त्यांची तपासणी बघते. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. डब्लिनला ऑफिस असल्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस तिकडेच. मुलगी इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या हेलात.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारं जोडपं राहायचं. शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत माझी मुलगी त्या काकूंकडे असायची. मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारते, इथे तशीच पद्धत आहे. पण मनात त्या काकूच. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा त्यांनी एकदा चहाला बोलावलं. स्वयंपाकघरात चारपाच माणसं होती. मधेच कुणीतरी म्हणालं, एक होऊन जाऊ दे. मला वाटलं आता गिटार येईल, पाय आपटतील, जसं पबमध्ये बघितलं होतं तसं. काकूंनी कप बाजूला ठेवला, डोळे मिटले, मान भिंतीकडे वळवली आणि गायला लागल्या. वाद्य नाही, ताल नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि गाण्याबरोबर हळूहळू गोल फिरवायला लागला, जसं चाक फिरवावं तसं. मी त्या हातांकडेच बघत राहिले. माझी आई चरखा फिरवायची ती अगदी असाच.

एका ओळीला त्यांनी शेवटचा स्वर असा खाली सोडला, की माझ्या तोंडून मोठ्यांदा "वा" निघून गेलं. सगळे माझ्याकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काका हात फिरवणं न थांबवता माझ्याकडे बघून म्हणाले, "शाब्बास, पोरी." नंतर त्यांनी सांगितलं, की इथेही जुनी माणसं अशीच मधे दाद देतात. आणि हात धरायचा तो गाणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून. गाणारा फार आत जातो, म्हणाले, कुणीतरी दोर धरायला पाहिजे.

आई गेली त्यानंतरच्या वर्षी मी आबांना इकडे आणलं. तीन महिने राहून ते परत जाणार होते. मला एकच गोष्ट करून घ्यायची होती. त्यांच्या कानांना मशीन बसवायची.

तीच एक गोष्ट ते करू देईनात.

"मला समदं ऐकू येतंय," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "आबा, मघाशी दारावरची बेल वाजली." ते म्हणायचे, "मुद्दाम उठलो न्हाई." टीव्हीचा आवाज ते एवढा मोठा ठेवायचे की भिंतीपलीकडच्या काकांनाही बातम्या कळायच्या. प्रश्न काहीही असो, उत्तर 'हां हां' नाहीतर 'बघू की' असं यायचं. समोर बसून ओठ हलवून बोललं तर मराठी बऱ्यापैकी कळायचं. पण माझी मुलगी बोलते ती पाठमोरी, धावता धावता, तोंडात बिस्कीट घालून, आणि इंग्रजीत. अर्ध्या गोष्टी भाषेमुळे कळायच्या नाहीत हे खरं, पण 'आजोबा' तर मराठीच आहे. तेही पोचायचं नाही.

एक दिवस ती मला म्हणाली, "आजोबा डझन्ट लाइक मी."

"असं का म्हणतेस?"

"आय कॉल हिम अँड ही जस्ट वॉक्स ऑफ."

मी तिला समजावलं. ती खांदे उडवून निघून गेली. पुढे तिने त्यांना हाक मारणंच सोडलं.

मग ती गाडीची गोष्ट झाली. शाळा जवळच आहे, म्हणून आबा तिला आणायला जायला लागले होते. त्यात त्यांना मोठा अभिमान. डोक्याला टोपी, अंगात माझ्या नवऱ्याचं जॅकेट, आणि पाठीवर नातीचं गुलाबी दप्तर. त्या दिवशी ते पुढे आणि ती मागे चालत होती. एका घराच्या आवारातून गाडी मागे मागे येत होती. मुलगी ओरडली. आबा चालत राहिले. ती परत ओरडली, आजोबा, थांबा, चक्क मराठीत. आबा चालतच राहिले. गाडीवाल्या बाईने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा गाडी आणि आबा यांच्यामध्ये हातभर जागा उरली होती. मी कामावरून आल्या आल्या मुलीने मला सगळं सांगितलं.

"मला दिसली होती गाडी," आबा म्हणाले.

"आबा, ती तुमच्या पाठीमागून येत होती."

"दिसली होती म्हनतो न्हवं."

मी कानाच्या दवाखान्यात वेळ घेऊन आले. त्यांच्यासमोर बसले आणि ओठ नीट हलवून सांगितलं, की मंगळवारी जायचंय. 

"यंत्रानं कान खाल्लं," ते म्हणाले, "आन आता कानात यंत्र घालू व्हय?"

"हो. घाला."

"न्हाई."

"मग उद्यापासून शाळेत आणायला जायचं नाही. काकू आणतील तिला."

हे मी बोलले. आणि ते बोलणं त्यांना एका दमात कळलं, ओठ वाचायचीही गरज पडली नाही. ते उठून वर खोलीत गेले. मंगळवारी मी गाडी चालू करून दारात थांबले. ते आले नाहीत. मी दवाखान्याला फोन करून वेळ रद्द केली.

त्यानंतर घरात आम्ही तिघंही गप्प होतो. आबांनी टीव्ही लावणंही सोडलं. कामावरून येऊन दार उघडलं की तीच जुनी, माग थांबल्यावरची शांतता.  नवरा शुक्रवारी आला आणि म्हणाला, "जाऊ दे ना यार, त्यांचं वय झालंय, त्यांना हवं तसं राहू दे." मी म्हणाले, "तू गाडीच्या आणि त्यांच्यामधली जागा बघितलीस का?" 

त्याच दिवसांत भिंतीपलीकडचे काका गेले. झोपेतच.

अंत्यविधीला चर्चमध्ये सगळे वाट बघत होते, की काकू गातील. त्यांचं गाणं त्या भागात माहितीचं होतं. त्या गायल्या नाहीत. नंतर त्यांच्या मुलाने, तो आडदांड माणूस, मासेमारीच्या बोटीवर असतो, मला कुंपणापाशी सांगितलं, "आई म्हणते, आता झालं. हात कुणी धरायचा?" आणि मग म्हणाला, "कृपा करून तिला कुणी आग्रह करू नका. ती मोडून पडेल."

माणूस गेल्याला महिना झाला की इथे एक प्रार्थना असते, आणि मग घरी चहा, सँडविच. मी आबांना ते समजावून सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"म्हंजे महिन्याचं घालत्यात," ते म्हणाले. "मग आपून जायाला पायजे. शेजारी हाय आपला."

रविवारी दुपारी आम्ही गेलो. बसायची खोली माणसांनी भरलेली. काकू खिडकीशी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, काळ्या स्वेटरमध्ये, सरळ बसलेल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. इतकी माणसं भिंतीला टेकून उभी होती, मुलं जमिनीवर बसली होती, पण त्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. ती काकांची होती, हे सांगावं लागत नव्हतं.

म्हणजे मला सांगावं लागलं नाही. आबांना सांगायला हवं होतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे दुःखाच्या घरी गेलं की बोलायचं नाही, पण दुःखी माणसाशेजारची जागा रिकामी ठेवायची नाही. जाऊन बसायचं. आई गेली तेव्हा आबांच्या शेजारी आळीपाळीने कुणी ना कुणी बसून होतं, दहा दिवस. आबांनी दारात टोपी सारखी केली, खोलीवरून नजर फिरवली, एक बाई एकटी बसलेली बघितली, आणि माणसांतून वाट काढत सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले.

खोली गप्प झाली.

एकदम. कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि मग तोही नाही.  "आबा," मी म्हणाले, पण त्यांना कुठलं ऐकू येतंय. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, आमच्याकडे बसतात तसे, जमिनीकडे बघत बसले होते. काकूंचा मुलगा दारापासून निघाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मीही निघाले. माझी मुलगी माझा हात ओढत म्हणत होती, "आई, दॅट्स नॉट हिज चेअर."

"राहू दे," काकू म्हणाल्या.

मुलगा थांबला. "मम, ती डॅडची—"

"मला माहीत आहे कुणाची आहे ती. राहू दे त्यांना. ग्रँड आहेत ते." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक.

कुणी हललं नाही. काकू आबांकडे बघत होत्या. आबा जमिनीकडे. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग काकूंनी डोळे मिटले, मान भिंतीकडे वळवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पहिली ओळ उचलली.

मुलाने दाराची चौकट घट्ट धरली. त्याचे ओठ हलताना मी बघितले, मी ओठ वाचते. 'नको, मम,' असं तो म्हणत होता.

गाणं जुनं, कुणी रचलं ते कुणाला माहीत नाही असं. गोष्ट एवढीच, की एका बाईचा नवरा होडीवर गेलाय आणि होडी परत आलीय. ती धक्क्यावर उभी आहे. उतरणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, आणि प्रत्येक जण तिला वाऱ्याचं सांगतो, लाटांचं सांगतो, मासळीचं सांगतो. तो कुठे आहे ते कुणीच सांगत नाही. सगळ्या कडव्यांत रडणं असं कुठेच नाही. काकूंचा आवाज सत्तरीचा, किनारी फाटलेला. त्यांनी तो सजवला नाही, कुठे रडका केला नाही, चेहराही तसाच कोरडा ठेवला. फक्त मधेच एखाद्या साध्या शब्दावर, 'होडी'सारख्या, आवाजाला एक बारीक वळसा दिला, आणि तो वळसा आरपार गेला. मला माझी आई दिसली. का ते सांगता येणार नाही. माग बंद असताना रात्री ऐकलेला तिचा तो बारीक आवाज मला त्या खोलीत ऐकू आला.

दुसऱ्या कडव्यात काकूंचा हात मांडीवरून घसरला आणि खुर्चीच्या बाजूला लोंबला. बोटं उघडी. सवय होती त्या हाताची. तो काहीतरी शोधत होता आणि खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं काय. पण पुढे व्हायचं धाडस कुणाला होईना, मुलालाही नाही.

आबांना तो हात दिसला. बाईला घेरी येतेय असं त्यांना वाटलं असावं. काही का असेना, त्यांनी तो हात धरला. काकूंनी त्यांची बोटं घट्ट आवळली आणि हात आपोआप फिरायला लागला, गोल, हळू, जसा तो एवढी वर्षं फिरत आलेला. आबा क्षणभर दचकले. मग त्यांनी हात सोडला नाही, फिरवायला लागले. बाई गातेय एवढं त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं असावं, पण त्यांना गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं, काकूंचा चेहरा भिंतीकडे असल्यामुळे ओठही दिसत नव्हते. ते फक्त हाताकडे बघत होते.

कडवी पुढे गेली. धक्क्यावरची माणसं एकेक करून घरी गेली. आता शेवटची ओळ तेवढी राहिली होती. ती मी आधी एकदा ऐकली होती. त्यात ती बाई म्हणते, की मग दार लावून घेते. जुन्या पद्धतीत ही शेवटची ओळ गात नाहीत, नुसती बोलतात, म्हणजे गाणं संपलं हे कळतं.

काकू तिथे थांबल्या.

श्वास घेतला असेल असं वाटलं. पण श्वास घेऊन झाला तरी पुढे काही येईना. त्यांची हनुवटी हलायला लागली. तोंड उघडलं, आणि परत मिटलं.   मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला हात उचलले, त्यांना सोडवायला, आता पुरे, छान झालं म्हणायला. मुलगा चौकट सोडून पुढे झाला. संपलं, मोडल्या, असं सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होतं.

आणि आबांचा हात फिरतच होता.

त्यांना कुठे माहीत होतं गाणं थांबलंय ते. त्यांच्या लेखी काहीच थांबलं नव्हतं. एकाच लयीत, ना घाई ना ढिलाई, ते काकूंचा हात फिरवत राहिले, त्या शांततेतून, जशी काही ती शांतता नाहीच. एक फेरा. आणखी एक फेरा. मुलगा मधेच उभा राहिला. टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. सगळ्या खोलीची नजर त्या दोन म्हाताऱ्या हातांवर होती.

आणखी एका फेऱ्याला काकू बोलल्या. गायल्या नाहीत, बोलल्या, अगदी साध्या आवाजात, जसं शेजारणीला सांगावं. मग दार लावून घेते.

टाळ्या नाही झाल्या. कुणीतरी म्हातारं माणूस "शाब्बास, पोरी" म्हणालं, सत्तरीच्या बाईला. मुलगा खाली बसला, जमिनीवरच, आणि त्याने आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आबांनी ते बघितलं, काकूंचा हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला, उठले आणि बाहेर अंगणात गेले.

मी मागोमाग गेले. ते कुंपणाशी उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत.

"आबा, ती काकांची खुर्ची होती."

"व्हय? मग सांगायचं न्हाई मला?" मग जरा वेळाने, "रागावली का बाई?"

"नाही. शेवटी गाताना त्या थांबल्या होत्या ना, तेव्हा तुम्ही हात फिरवत राहिलात म्हणून त्यांना पुढचं बोलता आलं."

आबांची मान वर झाली.

"थांबली हुती?"

"हो. बराच वेळ."

"मला वाटलं, गातीच हाय."

 बोललेलं परत घेता येत नाही हे त्यांना कळलं होतं.  त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"तुझी आई," ते म्हणाले, "शेवटाला धा-बारा दिस बोलत हुती. लई बारीक बोलायची. मी हात धरून बसायचो. काय म्हनायची ते मला कायबी कळलं न्हाई. मी आपला हां हां म्हनायचो."

"आबा."

"विचारायला पायजे हुतं, परत सांग म्हनून. म्हनलं, तिला कळंल मला ऐकू येत न्हाई. म्हनून न्हाई विचारलं."

आतून कपबश्यांचा आवाज यायला लागला होता. मला यायला लागला होता, त्यांना नाही. माझी मुलगी दारात येऊन उभी होती. ती काहीतरी म्हणाली, आबांच्या पाठीमागे, हळू आवाजात. आबा माझ्याकडेच बघत होते.

"पोरगी काय म्हनली?" त्यांनी विचारलं. तिचे ओठ त्यांना दिसले नव्हते. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी बघितली होती.

"म्हणाली, आजोबांनी छान केलं."

त्यांनी बराच वेळ कुंपणाची फळी चाचपली.

"मंगळवारी असतोय का तुजा तो डाक्टर?"

डॉक्टर नव्हता, एक तरुण मुलगी होती. तिने आबांना काचेच्या खोलीत बसवलं आणि कानांवर हेडफोन लावले. बारीक आवाज गेलेत ते कायमचे, तिने सांगितलं, मशीन ते परत आणणार नाही. गर्दीत त्रास होईल. पण बोलणं पुष्कळ कळेल. ते मी जसंच्या तसं आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आसंना का."

मशीन बसवली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन फ्रिजची तक्रार केली. "ह्यो घुर्र घुर्र सारखाच करतोय? तुमी कसं ऱ्हाता ह्या घरात?" मग स्वतःच्या चपलांच्या आवाजाला दचकले. माझी मुलगी त्यांच्या मागे मागे फिरत होती आणि जिन्यात, न्हाणीघराच्या दाराआडून, सोफ्याच्या मागून हाका मारत होती. आजोबा. आजोबा. प्रत्येक हाकेला ते वळत होते. शेवटी म्हणाले, "आता काय ते बोल की. नुसती हाका काय मारतीस." ती खूप हसली. मग तिने विचारलं, उद्या मला शाळेतून कोण आणणार. हे तिने मराठीत विचारलं, तोडक्यामोडक्या, पण मराठीत.

परत जायच्या आधी ते काकूंकडे गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. मुलाने आग्रह केला नाही, मीही नाही. आबाच खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "त्यास्नी सांग, तवा काय म्हनलात ते एकदा परत म्हना म्हनावं." काकूंनी एकच कडवं म्हटलं. या खेपेला त्यांनी मान भिंतीकडे वळवली नाही. आबा कान पुढे करून बसले होते. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं.

"बारीक हाय आवाज," ते म्हणाले. "तुज्या आईगत."

आबा आता इचलकरंजीत आहेत. रविवारी नातीचा फोन असतो, आणि फोनवर मला मधे पडावं लागत नाही. सगळं नाही, पण माझ्या वडिलांना ऐकू येतं.